एव्हरेट केस

एव्हरेट नॉरिस केस (२१ जून, १९०० – ३० एप्रिल, १९६६) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९४६ ते १९६४ या काळात त्यांनी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॅले येथील नॉर्थ कॅरोलिना स्टेट कॉलेजच्या (आताचे नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ) संघाला प्रशिक्षण दिले. त्यांच्या हाताखाली या संघाने ३७७ सामने जिंकले, १३४ गमावले आणि दहा वेळा आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले. अमेरिकन फुटबॉलखेरीज दुसऱ्या खेळाकडे फारसे न पाहणाऱ्या प्रदेशाला बास्केटबॉलचे वेड लावणारे प्रशिक्षक म्हणून ते ओळखले जातात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या हंगामाला जे स्वरूप आले, त्यामागे त्यांचा वाटा मोठा आहे. त्या स्वरूपाचा लाभ त्यांना झाला, तसा त्याचा फटकाही त्यांना बसला.

प्रारंभिक जीवन

केस यांचा जन्म इंडियाना राज्यातील अँडरसन या गावी झाला. इंडियानात बास्केटबॉल हा गावोगावचा खेळ होता. माध्यमिक शाळांची राज्यस्तरीय स्पर्धा हा तेथे वार्षिक उत्सवच असे आणि लहानशा गावाच्या शाळेलाही शहरातील बलाढ्य शाळेस हरविण्याची संधी त्यात मिळे. खेळाडू म्हणून केस यांचे नाव कधी झाले नाही. विशीच्या सुमारासच ते शिकविण्याकडे वळले. फ्रँकफर्ट येथील शाळेच्या संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९२५, १९२९, १९३६ आणि १९३९ असे चार वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळविले. इंडियानात चार अजिंक्यपदे मिळविणारे ते पहिले प्रशिक्षक होत. मध्यंतरी काही काळ ते कॅलिफोर्नियात होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात काम केले आणि तेथील संघांनाही प्रशिक्षण दिले. केस अविवाहित होते.

रॅलेतील आगमन

युद्ध संपल्यावर स्टेट कॉलेज नव्या प्रशिक्षकाच्या शोधात होते. बुटांच्या जाहिरातीमुळे घरोघरी नाव पोहोचलेले चक टेलर हेही मूळचे इंडियानाचे. त्यांनी केस यांचे नाव सुचविले आणि १९४६ साली केस रॅलेस आले. येताना त्यांनी इंडियानातील खेळाडूंचा मोठा ताफा सोबत आणला. त्यांत सैन्यातून परतलेले तरुणही होते. नॉर्म स्लोन आणि डिक डिकी हे याच तुकडीतले. गॅरी या गावाचे व्हिक ब्यूबस त्यांच्या मागोमाग आले.

त्या काळी दक्षिणेकडील संघ संथ खेळत. केस यांच्या संघाने मैदानभर प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग केला, चेंडू हाती येताच धाव घेतली आणि शक्य तितक्या लवकर तो टोपलीत टाकला. पहिल्याच हंगामात संघाने २६ सामने जिंकले व केवळ ५ गमावले. फेब्रुवारी १९४७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला जुन्या व्यायामशाळेत इतकी गर्दी झाली, की अग्निशमन अधिकाऱ्याला तो सामना रद्द करावा लागला. आदल्या वर्षापर्यंत ज्या खेळाला जेमतेम प्रेक्षक जमत, त्याचे हे नवे दृश्य होते. त्याच वर्षी सदर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळाल्यावर केस व त्यांच्या खेळाडूंनी टोपलीची जाळी कापून स्मृती म्हणून नेली. ही इंडियानातील शाळांची रीत होती. पुढे ती साऱ्या अमेरिकन महाविद्यालयांत रूढ झाली आणि आजही अंतिम सामन्यानंतर शिडी लावून जाळी कापली जाते.

१९४७ ते १९५२ अशी सलग सहा वर्षे सदर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद स्टेट कॉलेजकडेच राहिले. याच काळात शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाला त्यांनी लागोपाठ १५ सामन्यांत हरविले. १९५० साली राष्ट्रीय स्पर्धेत संघ तिसरा आला. राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र केस यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.

रेनॉल्ड्स कोलिझियम आणि डिक्सी क्लासिक

कॉलेजच्या आवारात आधीच सुरू झालेल्या एका सभागृहाचा लोखंडी सांगाडा काही वर्षे तसाच उभा होता. केस यांनी आग्रह धरून मूळ आराखड्यात फेरबदल करवून घेतला आणि सभागृहाची लांबी वाढविली. डिसेंबर १९४९ मध्ये ते रेनॉल्ड्स कोलिझियम या नावाने खुले झाले. त्यात १२,४०० प्रेक्षकांची सोय होती आणि त्या भागात एवढे मोठे बंदिस्त क्रीडागृह दुसरे नव्हते. लांबीच तेवढी वाढविल्याने दोन्ही टोकांच्या प्रेक्षकांना खेळ फार दुरून पाहावा लागे, हा त्या वास्तूचा दोष. परंतु तिकिटे खपायची थांबली नाहीत. सामन्यापूर्वी दिवे मालवून एकेका खेळाडूवर प्रकाशझोत टाकणे, ऑर्गन वाजविणे, प्रेक्षकांच्या गजराबरोबर वर चढत जाणाऱ्या दिव्यांचा ध्वनिमापक लावणे, अशा अनेक युक्त्या केस यांनी योजल्या. प्रेक्षकाला घरून उठवून आणायचे, तर त्याला खेळासोबत तमाशाही द्यावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याच महिन्यात त्यांनी डिक्सी क्लासिक ही स्पर्धा सुरू केली. नाताळानंतरच्या तीन दिवसांत आठ संघ खेळत. त्यांपैकी स्टेट, नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक व वेक फॉरेस्ट हे चार स्थानिक आणि चार बाहेरून बोलाविलेले असत. १९४९ ते १९६० या काळात ही स्पर्धा बारा वेळा झाली. बाहेरच्या एकाही संघाला ती जिंकता आली नाही. सात वेळा ती स्टेटनेच जिंकली. १९५८ साली ऑस्कर रॉबर्टसन यांचा सिनसिनाटी संघ आणि जॉनी ग्रीन यांचा मिशिगन स्टेट संघ हे दोन्ही नामांकित संघ आले आणि स्टेटने दोघांनाही नमविले. त्या प्रसंगी रॉबर्टसन यांना प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागले. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे तेव्हा जारी होते आणि केस यांच्या साऱ्या कारकिर्दीत त्यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्यांच्या यशाचा हिशेब मांडताना ही मर्यादा वगळता येत नाही.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स

अमेरिकन महाविद्यालये प्रदेशवार गट करून आपसांत खेळतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. त्या काळी बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन मार्चमध्ये संपे. ८ मे, १९५३ रोजी ग्रीन्सबरोजवळ झालेल्या बैठकीत सात विद्यापीठे सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापन झाली. फुटभर जागेवरून भावकी वेगळी व्हावी, तसे हे विभाजन बास्केटबॉलमुळे झालेच नव्हते. जुन्या संघटनेने फुटबॉलच्या हंगामोत्तर सामन्यांवर घातलेली बंदी हे त्यामागचे मुख्य कारण होते. त्या वर्षअखेर व्हर्जिनिया विद्यापीठ आल्यावर सदस्यसंख्या आठ झाली. फुटबॉलसाठी जन्मलेली ही कॉन्फरन्स पुढे बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध झाली, याचे श्रेय बरेचसे केस यांच्याकडे जाते.

त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉन्फरन्सचा एकच संघ जाऊ शके. बहुतेक ठिकाणी साखळी सामन्यांच्या गुणतालिकेत वरचा संघ पाठविला जाई. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने मात्र जुन्या संघटनेची रीत चालू ठेवली. हंगामाच्या अखेरीस तीन दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा होई आणि तिचा विजेता तोच कॉन्फरन्सचा विजेता ठरे. त्यामुळे तीन महिन्यांची साखळी केवळ स्पर्धेतील जोड्या ठरविण्यापुरती उरे. स्पर्धा रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, म्हणजे केस यांच्या घरच्या मैदानावर भरे. इंडियानातील शालेय स्पर्धेत वाढलेल्या माणसाला हा प्रकार परका नव्हता. गुणतालिकेत वर राहणाऱ्या संघांच्या प्रशिक्षकांना तो अन्यायकारक वाटे आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु तिकिटविक्रीचे उत्पन्न मोठे होते.

१९५३-५४ चा पहिलाच हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. साखळीत ड्यूकने दहापैकी नऊ सामने जिंकून पहिले स्थान मिळविले. स्टेटचा संघ चौथा होता. मार्चमध्ये स्टेटने पहिल्या फेरीत नॉर्थ कॅरोलिनाला अवघ्या एका गुणाने हरविले, उपांत्य फेरीत ड्यूकला बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टवर जादा वेळेत ८२-८० असा विजय मिळविला. ड्यूकचा हंगाम तेथेच संपला. राष्ट्रीय स्पर्धेत स्टेटला ला सॅलने हरविले आणि ला सॅलच त्या वर्षी अजिंक्य ठरला. १९५५ व १९५६ सालीही कॉन्फरन्सचे विजेतेपद स्टेटलाच मिळाले.

शेजाऱ्यांना हे सहन होणे शक्य नव्हते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून फ्रँक मॅकग्वायर यांना आणले होते. त्यांनी न्यूयॉर्कचे खेळाडू आणून केस यांच्या इंडियानाच्या खेळाडूंना तोंड दिले. १९५७ साली त्यांच्या संघाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. परंतु कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत वेक फॉरेस्टविरुद्ध तो अवघ्या दोन गुणांनी वाचला होता. तो सामना हातचा गेला असता, तर त्या अपराजित संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे दारही दिसले नसते. जाहीरपणे केस व मॅकग्वायर एकमेकांवर तुटून पडत. त्या भांडणाने सभागृहे भरतात, हे दोघांनाही कळत होते. १९५९ मध्ये ड्यूकने केस यांचे जुने शिष्य व सहायक व्हिक ब्यूबस यांनाच प्रशिक्षक नेमले.

निर्बंध

खेळाडू मिळविण्याच्या चढाओढीत केस यांच्या संस्थेकडून नियमभंग झाले. १९५५ साली स्टेटवर निर्बंध असल्याने विजेता असूनही संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकला नाही आणि अंतिम सामन्यात हरलेल्या ड्यूकला ती संधी मिळाली. १९५६ मध्ये संघ गेला. त्या वेळी तो देशातील पहिल्या दोन-तीन संघांत गणला जात होता. परंतु कॅनिशियस या फारशा गाजलेल्या नसलेल्या संघाने त्याला चार जादा डावांनंतर ७९-७८ असे हरविले. केस यांच्या हाताशी राष्ट्रीय अजिंक्यपद आणणारा संघ कोणता, तर बहुधा हाच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॅकी मोरलँड या खेळाडूच्या भरती प्रकरणावरून राष्ट्रीय संघटनेने संस्थेच्या सर्व खेळांवर चार वर्षांचे निर्बंध लादले. याची झळ निर्दोष मंडळींनाही बसली. १९५७ साली फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स जिंकूनही स्टेटचा संघ हंगामोत्तर सामन्यास मुकला.

१९५९ चा अंतिम सामना तर विचित्रच झाला. स्टेट आणि नॉर्थ कॅरोलिना समोरासमोर होते. निर्बंधांमुळे स्टेटला पुढे जाता येणार नव्हते, म्हणजे निकाल काहीही लागला तरी राष्ट्रीय स्पर्धेत नॉर्थ कॅरोलिनाच जाणार होते. मॅकग्वायर यांनी आपल्या प्रमुख खेळाडूंना बराच वेळ विश्रांती दिली. स्टेटने सामना ८०-५६ असा जिंकला आणि विजेते घरी राहिले. केस यांचे हे दहावे व शेवटचे विजेतेपद.

सट्टेबाजीचे प्रकरण

बास्केटबॉलवरील सट्टा बहुधा केवळ हार-जितीवर न लागता गुणांच्या फरकावर लागतो. बलाढ्य संघ दहा गुणांनी जिंकेल अशी अपेक्षा असेल आणि तो चारच गुणांनी जिंकला, तर विरुद्ध बाजूने पैसा लावणाऱ्यांचा फायदा होतो. त्यामुळे खेळाडूला हरायला सांगावे लागत नाही. थोडे कमी खेळ, एवढेच सांगितले की पुरते. लालूच दाखविणाऱ्यांचे काम यामुळेच सोपे होते. १९५०-५१ मध्ये न्यूयॉर्कमधील महाविद्यालये याच प्रकाराने हादरली होती. केस सावध होते. राज्याच्या तपास खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून ते खेळाडूंना धोक्याची जाणीव करून देत. १९६०-६१ च्या हंगामात त्यांना आपल्याच संघाच्या खेळाविषयी शंका आली आणि त्यांनी ती तपास खात्याला कळविली. मे १९६१ मध्ये स्टेटच्या काही खेळाडूंना अटक झाली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे नावही या प्रकरणात आले.

दोन्ही संस्था एकाच विद्यापीठ-व्यवस्थेखाली होत्या. तिचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी डिक्सी क्लासिक कायमची बंद केली, बाहेरच्या संघांशी होणाऱ्या सामन्यांची संख्या कडकपणे कमी केली आणि दूरच्या प्रदेशांतून शिष्यवृत्तीवर खेळाडू आणण्यावर मर्यादा घातली. स्पर्धा आटोपशीर राहिली असती तर सट्टेबाज तिच्याकडे वळलेच नसते, असे अनेकांचे मत होते. केस यांनी पंधरा वर्षांत उभे केलेले बरेच काही एका उन्हाळ्यात गेले. आपल्या खेळाडूंनी फसविल्याचा आघात त्यांच्या मनावर खोल झाला. पुढील काही हंगाम त्यांचा संघ पूर्वीसारखा राहिला नाही.

अखेरचा काळ

कर्करोगाने प्रकृती खालावल्यामुळे १९६४-६५ च्या हंगामात दोनच सामने झाल्यावर केस यांनी पद सोडले. सहायक प्रेस मॅराव्हिच यांनी संघ सांभाळला. मार्चमधील अंतिम सामना रेनॉल्ड्स कोलिझियममध्येच झाला आणि समोर ब्यूबस यांचा ड्यूक संघ होता. लॅरी वॉर्स्ली या राखीव खेळाडूने ३० गुण मिळविले आणि स्टेटने ९१-८५ असा विजय मिळविला. खेळाडूंनी आजारी केस यांना उचलून टोपलीपाशी नेले आणि जाळी त्यांच्या हातून कापविली.

३० एप्रिल, १९६६ रोजी रॅले येथे त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग पन्नासहून अधिक माजी खेळाडूंच्या नावे ठेवला होता. रॅलेच्या दफनभूमीत त्यांची कबर महामार्ग क्रमांक ७० च्या बाजूला तोंड करून आहे. ड्यूककडे सामन्याला निघालेला संघ त्या रस्त्याने जाताना आपल्याला दिसावा, अशी त्यांची इच्छा होती.

सन्मान

१९८२ साली केस यांचा समावेश नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. त्यांचे पहिल्या तुकडीतील शिष्य नॉर्म स्लोन यांच्या प्रशिक्षणाखाली १९७४ साली स्टेटने पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. कॉन्फरन्सची स्पर्धा १९५४ पासून १९६६ पर्यंत रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये भरली. १९६७ साली ती ग्रीन्सबरोला हलविण्यात आली.