पाऊस आला की तो घराबाहेर पडे

मृगाची पहिली सर आली की किनवटहून माहूरकडे निघालेला मोटारसायकलवाला आपोआप वेग कमी करतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि ट्रकांचे सांडलेले ऑइल पहिल्या पावसात एकत्र येते आणि डांबरी रस्ता साबणासारखा निसरडा होतो. सागाच्या रानातली ओळखीची वळणेसुद्धा त्या दिवशी अनोळखी वाटतात. शहाणा माणूस गाडी बाजूला लावून एखाद्या झाडाखाली किंवा चहाच्या टपरीवर थांबतो.

पन्नास वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात एक मुलगा नेमके उलटे करीत असे. पाऊस सुरू झाला, इतर मुले घराकडे पळाली, की हा आपली छोटी गाडी घेऊन रिकाम्या ट्रॅकवर जाई आणि चिंब भिजेपर्यंत फेऱ्या मारीत राही. त्याचे नाव आयर्टन. पुढे सारे जग त्याला आयर्टन सेन्ना म्हणून ओळखू लागले. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीचे जगज्जेतेपद त्याने तीनदा मिळवले आणि १९९४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शर्यतीतच त्याचा अंत झाला.

त्याच्या मोठ्या विजयांच्या कथा पुष्कळांना ठाऊक असतात. पण तो घडला तो त्या आधीच्या दहा वर्षांत, जेव्हा त्याचे नाव कुणालाच माहीत नव्हते. त्या दहा वर्षांची गोष्ट जितकी वेगाची आहे, तितकीच एका घराची आहे. मुलाच्या हातात पहिली गाडी देणारे आणि तीच गाडी सोडून दुकानदारी सांभाळ असा आग्रह धरणारे वडील एकच होते!

गवत कापायच्या यंत्राची गाडी

आयर्टनचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पावलो येथे झाला. वडील मिल्टन दा सिल्वा मोटारींचे सुटे भाग बनविण्याच्या धंद्यात होते. पुढे शेतीवाडीही मोठी झाली. आई नेइदे, थोरली बहीण व्हिव्हियान, धाकटा भाऊ लिओनार्दो. घर खाऊनपिऊन सुखी, नव्हे चांगले श्रीमंत. पण हा मुलगा लहानपणी धड चालत नसे. जिना चढताना अडखळे, हातातली वस्तू सांडे. आईवडिलांनी काळजीने डॉक्टरांना दाखवले. मेंदूच्या तपासणीत काहीच दोष निघाला नाही.

तो चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्यासाठी एक छोटी गाडी तयार केली. गवत कापायच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन तिला बसवले होते. जमिनीवर अडखळणारे ते पोर त्या गाडीत बसले आणि त्याची सारी धांदल जणू निघून गेली. सातव्या वर्षी तो शेतावरची जीप चालवू लागला.

अशा छोट्या शर्यतीच्या गाडीला कार्ट म्हणतात. ती खेळणे वाटते, पण खेळणे नव्हे. तिला स्प्रिंगा नसतात, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट पाठीच्या कण्यात बसतो. मागची दोन्ही चाके एकाच आसावर पक्की असतात. वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही एकाच गतीने फिरू लागली तर गाडी वळायलाच तयार होत नाही. म्हणून चालवणाऱ्याला आपल्या वजनाने आणि स्टिअरिंगच्या झटक्याने आतले मागचे चाक क्षणभर उचलावे लागते. हे पुस्तक वाचून येत नाही. बसल्या जागी, कमरेखालून गाडी काय सांगते आहे ते ओळखावे लागते.

वयाच्या तेराव्या वर्षी, १९७३ साली, आयर्टन इंटरलागोसच्या कार्ट ट्रॅकवर पहिल्यांदा अधिकृत शर्यतीत उतरला. ते वर्षही जोरात होते. ब्राझीलचाच इमर्सन फिटिपाल्डी आदल्या वर्षी फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला होता आणि फुटबॉलवेड्या देशात मोटार शर्यतीचे वेड शिरले होते. वडिलांची अट मात्र साधी होती. शाळेतले गुण घसरले तर गाडी बंद. पोराने ती अट कशीबशी पाळली. १९७७ साली शाळा संपवताना त्याला सरासरी अडुसष्ट टक्के होते; पदार्थविज्ञानात मात्र जेमतेमच.

हरल्यानंतरचा पाऊस

पावसात झालेली पहिली शर्यत आयर्टन वाईट हरला. कोरड्या ट्रॅकवर ज्यांना तो सहज मागे टाकी, ती मुले त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली. दुसरा कुणी असता तर पावसाला दोष देऊन मोकळा झाला असता. याने त्या दिवसापासून पाऊस आला की ट्रॅक गाठायचा, असा नेमच धरला.

तिथे तो काय शिकला? कोरड्या दिवसात सगळ्या गाड्या वळणावर ज्या एकाच रेषेवरून जातात, तिथे टायरचे रबर घासून रस्ता गुळगुळीत होतो. ऊन असताना ती रेषा सर्वांत वेगवान. पाऊस पडला की तीच सर्वांत घसरडी. पावसात कुणी न वापरलेला, खडबडीत भाग शोधावा लागतो. ब्रेक आधी आणि हलक्या पायाने दाबावा लागतो. आणि हा रस्ता दर मिनिटाला बदलत असतो. सतत नव्याने रस्ता वाचण्याची ही विद्या त्याने शाळकरी वयात, कुणी पाहत नसताना, कमावली.

इंजिनाची विद्या त्याला दिली ती ‘चे’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या लुसिओ पास्कुआल या स्पेनमधून आलेल्या कारागिराने. त्याच्या गॅरेजमध्ये आयर्टन तासन् तास बसे. इंजिन कसे उघडते, कशाने चढते, कशाने बसते, हे त्याने हात काळे करून समजून घेतले.

१९७७ साली तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग विजेता झाला. पुढच्या वर्षी तो युरोपात गेला, इटलीतल्या मिलानच्या डीएपी या कंपनीच्या संघात. तिथे टेरी फुलर्टन हा अनुभवी इंग्रज ड्रायव्हर त्याचा सहकारी आणि प्रतिस्पर्धीही होता. पुढे जगातले सगळे मोठे ड्रायव्हर पाहून झाल्यावरसुद्धा आयर्टनने आपला सर्वांत आवडता प्रतिस्पर्धी म्हणून याच फुलर्टनचे नाव घेतले. कार्टिंगमध्ये पैसा नव्हता, राजकारण नव्हते, निव्वळ गाडी चालवणे होते, असे त्याचे मत अखेरपर्यंत टिकले.

पण जागतिक कार्टिंग विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. १९७९ साली पोर्तुगालमध्ये एस्टोरिल येथे तो दुसरा आला. गुण बरोबरीचे होते, पण बरोबरी सोडविण्याच्या नियमाने तो मागे पडला. १९८० साली बेल्जियममध्ये पुन्हा दुसरा. ही सल त्याच्या मनात कायम राहिली.

इंग्लंडची थंडी आणि घराचा निरोप

कुस्तीत गावची जत्रा, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत मल्ल मोठ्या गदेपर्यंत पोहोचतो. मोटार शर्यतीतही अशीच शिडी आहे. कार्टिंगनंतर एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या गाड्यांचे वर्ग लागतात आणि दर वर्गात इंजिनाची ताकद वाढत जाते. खालच्या वर्गांत सगळ्यांच्या गाड्या बहुतांशी सारख्या असतात, त्यामुळे चालवणाऱ्याची खरी पारख तिथेच होते. त्या काळी ही शिडी इंग्लंडमध्ये उभी होती.

१९८१ च्या सुरुवातीला वीस वर्षांचा आयर्टन नवविवाहित पत्नीसह इंग्लंडमधल्या नॉरफोक भागात राहायला आला. इंग्रजी कच्चे, थंडी बोचरी, जेवण बेचव. राल्फ फर्मन यांच्या व्हॅन डीमन संघाकडून तो फॉर्म्युला फोर्ड १६०० या सर्वांत खालच्या वर्गात उतरला. मार्च महिन्यातच ब्रँड्स हॅच येथे त्याने पहिला विजय मिळवला. त्या दिवशी पाऊस होता! वर्षअखेर बारा शर्यती आणि दोन मालिकांची विजेतेपदे त्याच्या नावावर जमा झाली.

आणि तिथेच त्याने खेळ सोडत असल्याचे जाहीर केले.

वडिलांच्या मते हौस पुष्कळ झाली होती. थोरल्या मुलाने आता धंद्यात लक्ष घालावे, ही त्यांची इच्छा. त्यात चूक तरी काय होती? कोणत्या बापाला मुलाने रोज जिवाशी खेळावे असे वाटेल? पुढच्या वर्गासाठी लागणारा पैसा देणारे प्रायोजकही ब्राझीलमध्ये मिळत नव्हते. आयर्टन मुकाट्याने घरी परतला आणि वडिलांच्या धंद्यात बसू लागला. काही महिने त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण मन लागेना. मुलगा कुढतो आहे हे घरच्यांना दिसत होते. अखेर वडिलांनीच माघार घेतली आणि १९८२ च्या आरंभी आयर्टन पुन्हा इंग्लंडच्या विमानात बसला. या वेळी तो एकटाच होता. वर्षभरात त्याचा संसार मोडला. जे हवे होते ते मिळाले, पण त्याची किंमत एकट्याने चुकती करायची नव्हती. एका तरुण मुलीनेही ती चुकती केली.

याच सुमारास त्याने नावही बदलले. दा सिल्वा हे ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटलांसारखे, गल्लोगल्ली सापडणारे आडनाव. म्हणून त्याने आईच्या माहेरचे सेन्ना हे आडनाव लावले. वडिलांशी भांडण नव्हते; पण ओळख मात्र स्वतःची हवी होती.

शेवटची पायरी

१९८२ साली डेनिस रशेन यांच्या संघाकडून फॉर्म्युला फोर्ड २००० या वर्गात त्याने अठ्ठावीसपैकी बावीस शर्यती जिंकल्या. ब्रिटिश आणि युरोपियन अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. १९८३ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये डिक बेनेट्स यांच्या वेस्ट सरे रेसिंग संघातून उतरताच पहिल्या नऊच्या नऊ शर्यती त्याने खिशात घातल्या.

मग नशीब फिरले. मार्टिन ब्रंडल हा इंग्रज तरुण गाठू लागला. दुसरे येणे सेन्नाला सहन होईना. जिथे दुसरा क्रमांक सुखाने मिळाला असता, तिथे तो पहिल्यासाठी झेप घेई आणि गाडी आपटे. औल्टन पार्क येथे तर त्याची गाडी ब्रंडलच्या गाडीवर चढली. हातातले विजेतेपद निसटू लागले. ऑक्टोबरमध्ये थ्रक्स्टन येथील अखेरच्या शर्यतीला दोघे जवळजवळ बरोबरीत आले.

त्या दिवशी गॅरेजमधली जुनी विद्या कामी आली. इंजिन लवकर तापावे म्हणून सेन्नाने ऑइल थंड करणाऱ्या रेडिएटरवर चिकटपट्टी लावून घेतली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत आघाडी घ्यायची आणि मग पट्टी काढायची, असा बेत. भर वेगात सीटबेल्ट सैल करून, हात बाहेर काढून त्याने ती ओढून काढली! शर्यत जिंकली आणि विजेतेपदही. पाठोपाठ मकावची प्रतिष्ठेची शर्यतही जिंकून तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला.

१९८४ साली टोलमन या लहानशा संघाने त्याला फॉर्म्युला वनमध्ये घेतले. ३ जून रोजी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर धो धो पाऊस कोसळत होता. तेराव्या स्थानावरून निघालेला हा नवखा मुलगा एकेका नामवंताला मागे टाकत दुसरा आला. आघाडीवरचा अलेन प्रोस्ट आता हाताच्या अंतरावर, तोच पावसामुळे शर्यत थांबवली गेली. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १९८५ रोजी, लोटस संघाकडून त्याने पहिला विजय मिळवला. मैदान एस्टोरिल, जिथे सहा वर्षांपूर्वी कार्टिंगचे विजेतेपद हुकले होते. आणि आकाशातून पाऊस! दुसरा आलेला ड्रायव्हर मिनिटाहून अधिक मागे होता.

उजेड आणि सावली

पुढचा इतिहास विक्रमांचा आहे. मॅक्लारेन संघाकडून १९८८, १९९० आणि १९९१ ची जगज्जेतेपदे, एकूण ४१ विजय, ६५ वेळा पहिल्या क्रमांकावरून सुरुवात. पण फॉर्म्युला थ्रीत दिसलेला तो हट्टही सोबतीला आला. १९९० साली जपानमध्ये सुझुका येथे पहिल्याच वळणावर त्याने प्रोस्टच्या गाडीला धडक दिली आणि विजेतेपद आपल्याकडे राखले. ती धडक जाणूनबुजून होती, हे वर्षभराने त्याने स्वतःच कबूल केले. भक्तांनी हे विसरू नये. हरणे न सोसण्याच्या ज्या स्वभावाने त्याला पावसात उभे केले, त्याच स्वभावाने त्याच्याकडून हेही करवले.

१ मे १९९४. इटलीतील इमोला. आदल्या दिवशी सरावात रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर मरण पावला होता. सेन्ना खिन्न होता. सातव्या फेरीत टॅम्बुरेलोच्या वळणावर त्याची विल्यम्स गाडी सरळ भिंतीवर जाऊन आदळली. त्या दिवशी ट्रॅक कोरडा होता. मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. शर्यत संपल्यावर दिवंगत सहकाऱ्यासाठी तो फडकवायचा होता. ब्राझीलमध्ये तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. वडिलांची भीती खरी ठरली होती.

त्या दोन मृत्यूंनंतर गाड्यांची आणि ट्रॅकची सुरक्षा मुळापासून तपासली गेली. पुढची वीस वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही ड्रायव्हरला प्राणघातक अपघात झाला नाही. १९९४ मध्येच बहीण व्हिव्हियान यांनी त्याच्या नावाने संस्था काढली. ती शर्यतीचे ड्रायव्हर घडवत नाही. ब्राझीलमधल्या सामान्य मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. गुणपत्रिकेची अट घालणाऱ्या घराला ते शोभूनच दिसते.

आपल्याकडेही आता ही शिडी अगदीच अनोळखी राहिलेली नाही. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक झाला. किनवटच्या पोराला ती वाट अजून लांबची आणि खर्चाची आहे, हे खरेच. पण प्रत्येक घरात एखादे पोर असे असते, जे सगळे आडोशाला पळाले की पावसात जाते. कुणी बासरी घेऊन, कुणी लेझीम, कुणी नुसतीच वही. त्याला हाक मारून घरात घ्यावे की दारातून पाहत उभे राहावे? मिल्टन दा सिल्वांनी दोन्ही करून पाहिले. दोन्हींत माया होती. दोन्हींत धोकाही होता.