रॉबर्ट कॉख

रॉबर्ट कॉख (जन्म: ११ डिसेंबर, इ.स. १८४३, मृत्यू: २७ मे, इ.स. १९१०) हे जर्मन वैद्य व जीवाणुशास्त्रज्ञ होते. विशिष्ट रोगाचा जंतू वेगळा काढून तोच त्या रोगाचे कारण आहे, हे प्रयोगाने सिद्ध करण्याची रीत त्यांनी घालून दिली. गुरे व कोंबड्यांच्या जीवाणुजन्य रोगांच्या प्रयोगशाळेतील निदानाचा पाया हीच रीत होय. इ.स. १९०५ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

कॉख यांचा जन्म जर्मनीतील क्लाउस्टाल येथे झाला. इ.स. १८६६ मध्ये ग्यॉटिंगेन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर काही वर्षांनी ते वोल्श्टाइन येथे जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले.

फाशी रोगावरील संशोधन

वोल्श्टाइन परिसरात गुरे व मेंढ्या फाशी किंवा काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स या रोगाने दगावत. कॉख यांनी घरातच प्रयोग करून मृत जनावराचे रक्त उंदरांना टोचले आणि बैलाच्या डोळ्यातील द्रवात जंतू वाढवले. प्रतिकूल स्थितीत हे जंतू टणक बीजाणू तयार करतात, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष इ.स. १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच या रोगाचा संशय असलेले जनावर फाडत नाहीत. कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

जंतूंचे शुद्ध संवर्धन

द्रवात अनेक जंतू मिसळत असल्याने कॉख यांनी बटाट्याचे काप, जिलेटिन व पुढे आगर यांसारखी घन माध्यमे वापरली. त्यांवर प्रत्येक जंतूची वसाहत वेगळी उमटते. २४ मार्च, इ.स. १८८२ रोजी त्यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला.

ट्युबरक्युलिन

इ.स. १८९० मध्ये कॉख यांनी ट्युबरक्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून मांडले. मात्र ते निष्फळ ठरले. तरीही क्षयग्रस्त गायीला ते टोचल्यास प्रतिक्रिया उमटते, हे लक्षात आल्यावर ते निदानाचे साधन बनले. कोंबड्यांमध्ये पक्षी-क्षयजंतूपासून केलेले ट्युबरक्युलिन चोचीखालील लोंबत्या मांसल भागात टोचतात. गुरांच्या क्षयापासून माणसाला विशेष धोका नाही, हे इ.स. १९०१ मधील त्यांचे मत चुकीचे होते. दुधावाटे हा रोग मुलांना होतो, असे ब्रिटिश शाही आयोगाच्या चौकशीत सिद्ध झाले.

भारताशी संबंध

कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी कॉख इ.स. १८८३ मध्ये कोलकात्यास आले. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडी रोगावर काम करून इ.स. १८९७ मध्ये ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी मुक्तेश्वर येथील पशुरोग प्रयोगशाळेस भेट दिली. इ.स. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही प्रयोगशाळा इ.स. १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवण्यात आली होती. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यापासूनच विकसित झाली.

मृत्यू

बाडेन-बाडेन येथे कॉख यांचे निधन झाले.