स्लीमन यांचा वारसा

राज्यांच्या गुन्हे अन्वेषण विभागांचा उगम शोधताना मी विल्यम स्लीमन यांच्यापाशी थांबतो. १७८८ मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मलेले हे लष्करी अधिकारी १८३५ मध्ये ठगीविरोधी मोहिमेचे प्रमुख झाले. जबलपुरात माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्यांनी ठगांच्या वंशावळी मांडल्या. तपास संस्थानांच्या सीमा ओलांडू लागला. १८३६ च्या कायद्याने मात्र केवळ टोळीत असण्याबद्दलही जन्मठेप होऊ लागली. १८५६ मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच त्यांचे निधन झाले. त्यांचे खाते १९०४ मध्ये केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभागात रूपांतरित झाले. पाठोपाठ प्रांतोप्रांती असे विभाग आले. सेवाकाळात तपासाच्या फायली वाचताना मला एकच प्रश्न छळे : सीमा ओलांडणारा तपास आपण घेतला, पण फितुराच्या शब्दावरचे अवलंबन कधी सोडणार?