एडगर स्नो : नाकेबंदीपलीकडचा वार्ताहर

चिनी कम्युनिस्ट म्हणजे निव्वळ दरोडेखोर, ही नानकिंग सरकारची ग्वाही बाहेरचे जग बव्हंशी प्रमाण मानीत असे. १९३६ साली एडगर स्नो या अमेरिकन पत्रकाराने मात्र लष्करी नाकेबंदी ओलांडून थेट बाओआन गाठले. तेथे माओने त्यांना रात्रीमागून रात्री आपली जीवनकथा सांगितली. शेतकऱ्यांच्या पोरांतून घडलेले गनिमी सैन्य त्यांनी जवळून पाहिले. १९३७ चे त्यांचे पुस्तक जगभर गाजले. पुढे मॅकार्थी-पर्वात स्वदेशीच ते संशयित ठरले व स्वित्झर्लंडला जाऊन राहिले. परंतु १९६० साली चीनमध्ये दुष्काळ माणसे गिळत असता, यजमानांच्या सोबतीने हिंडणाऱ्या याच डोळस माणसाला तो दिसला नाही. दुष्काळ नाहीच, असे त्यांनी लिहून टाकले. हा दोष लहान नव्हे. फेब्रुवारी १९७२ मध्ये, निक्सन पेकिंगला पोचण्यास थोडेच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.