बिनतारी संदेश धाडणारे मार्कोनी

मी इयत्ता चौथीत शिकते. आज मी तुम्हांला गुग्लिएल्मो मार्कोनी या शास्त्रज्ञाची माहिती सांगणार आहे. नाव जरा अवघड आहे, म्हणून आमच्या वर्गात सगळे नुसते मार्कोनीच म्हणतात.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशातील बोलोन्या या शहरात झाला. वडील इटलीचे आणि आई आयर्लंडची. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. लहानपणापासून त्यांना विजेचा फार नाद होता. विजेच्या ठिणगीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात, हे हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. मार्कोनींच्या मनात आलं, की या लहरींवरून निरोप का धाडू नये? तेव्हा तार होती, पण तिला खांब आणि वायर लागायची. जहाज एकदा खोल समुद्रात गेलं, की त्याच्याशी बोलायची काही सोयच नव्हती.

१८९५ साली मार्कोनींनी घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले. आई त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मग ते यंत्र बाहेर आणून लांब लांब नेऊन पाहू लागले. त्यांचा भाऊ अल्फोन्सो यंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. खूण पोचली की बंदुकीचा बार काढायचा, असे ठरले होते. टेकडीपलीकडून बार ऐकू आला. झालं! लहरी टेकडीपलीकडे गेल्या होत्या.

१८९६ साली ते आईबरोबर इंग्लंडला गेले. तेथील पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांनी त्यांना मदत केली. १८९७ साली समुद्रावरून सुमारे ६ किलोमीटर अंतरावर संदेश गेला. १८९९ साली इंग्लंडहून फ्रान्सला सुमारे ५० किलोमीटर गेला. मग त्यांनी ठरवलं, आता अटलांटिक महासागर! पुष्कळ जाणकार म्हणाले की हे होणार नाही. पृथ्वी गोल आहे, लहरी सरळ जातात, त्या आकाशात निघून जातील.

इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू या गावी मोठे केंद्र बांधले. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळाने तेथील सगळे खांब पाडले. मार्कोनी खचले नाहीत. घाईने दुसरे खांब उभे केले आणि ते स्वतः समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंड बेटावर गेले. तिथे कडाक्याची थंडी आणि वारा. आकाशातली वायर वर धरायला फुगा सोडला, तर तो वाऱ्याने नेला. पहिला पतंगही गेला. दुसरा पतंग कसाबसा वर राहिला.

आता नीट ऐका, हीच खरी गंमत आहे. चाचणीसाठी कोणता निरोप धाडायचा, हे आधीच ठरले होते. मोर्सच्या तारेच्या लिपीतले इंग्रजी एस हे अक्षर. म्हणजे तीन टिंबं. टक् टक् टक्. बस्स, एवढंच पुन्हा पुन्हा, रोज ठरलेल्या वेळी. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी मार्कोनींनी कानाला यंत्र लावले आणि त्यांना तीन टिंबं ऐकू आली. त्यांनी यंत्र आपला सहकारी केंप याच्या कानाला लावले. त्यालाही ऐकू आली. अंतर होते तीन हजार किलोमीटरांहून जास्त!

पण लोकांना शंका आली. ऐकणारे दोघंच, कागदावर काही उमटलं नव्हतं. आकाशात विजा झाल्या तरी यंत्रात कट् कट् वाजतंच.

ही शंका आम्हांला नीट कळावी म्हणून गुरुजींनी पटांगणात एक खेळ घेतला. आम्ही दोघी देवळामागे थाळी घेऊन उभ्या राहिलो. बाकीची मुलं शाळेच्या ओट्यावर पाटी घेऊन बसली. आम्ही तीन ठोके द्यायचे आणि ऐकू आलं की त्यांनी रेघ ओढायची. पहिल्या दोन वेळा आम्ही वाजवलं. तिसऱ्या वेळी गुरुजींनी आम्हांला हळूच थांबवलं, थाळी वाजलीच नाही. तरी चार जणांनी पाटीवर रेघ ओढली होती! ती खोटं बोलत नव्हती बरं का. काय येणार हे ठाऊक असलं, की कानाला तेच ऐकू येतं. म्हणून ठरलेली खूण ओळखायला सोपी असते, पण ती आली याचा पुरावा दुसरीकडून घ्यावा लागतो.

मार्कोनींनी तेच केलं. ते रागावून बसले नाहीत. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया नावाच्या जहाजातून ते इंग्लंडहून अमेरिकेला निघाले. या वेळी खुणा कागदाच्या पट्टीवर आपोआप उमटत होत्या. जहाजाचा कप्तान साक्षीला होता. रात्रीच्या वेळी पूर्ण मजकूर सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत वाचता आला. नुसती तीन टिंबं सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत उमटली. म्हणजे खूण लांब गेली, पण मजकूर तेवढा लांब गेला नाही. दिवसा तर लहरी रात्रीपेक्षा पुष्कळ कमी अंतर जात होत्या. म्हणून १९०१ साली भरदुपारी खरंच ऐकू आलं होतं का, यावर अजूनही चर्चा होते. पण डिसेंबर १९०२ मध्ये कॅनडातील केंद्रातून अख्खे संदेश महासागर ओलांडून गेले. मग त्याबद्दल शंका राहिली नाही.

या संदेशांची एक रीत होती. पोस्टकार्डाला पत्त्याची बाजू असते आणि मजकुराची बाजू असते ना, तसंच. आधी कोणाला हाक मारली ते, मग कोण बोलतो ते. मजकुरात शब्द किती, तो आकडाही मजकुराच्या आधी. त्यानंतर मजकूर. शब्द मोजून कमी भरले, तर काही गळलं हे लगेच कळायचं. प्रत्येक जहाजाला हाक मारायला ठराविक अक्षरे होती. टायटॅनिक जहाजाची अक्षरे एमजीवाय होती. एप्रिल १९१२ मध्ये ते जहाज हिमनगावर आपटले. जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे तारवाले शेवटपर्यंत हाका मारत होते. कार्पेथिया जहाजाने ती हाक ऐकली आणि सुमारे ७०० माणसे वाचवली. दीड हजार माणसे बुडाली. फिलिप्सही गेले.

आज मोबाईल आणि वायफाय असेच चालतात. प्रत्येक छोट्या तुकड्याच्या डोक्यावर घेणाऱ्याचा व धाडणाऱ्याचा पत्ता असतो. त्याला हेडर म्हणतात. मग आतला मजकूर आणि शेवटी तपासायचा आकडा. नवे यंत्र तपासताना इंजिनियर आत ठरलेलेच आकडे भरतात. पलीकडे तेच निघाले तर यंत्र ठीक. वेगळे निघाले, तर कुठे बिघडलं ते शोधायचं. मात्र पलीकडचं यंत्र आलेलं नोंदवून ठेवतं, कानावर सोडत नाही.

मार्कोनींना १९०९ साली ब्राउन या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण सगळे श्रेय एकट्याचे नाही. आपले जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली पारा व लोखंड वापरून लहरी ओळखायचे साधन केले होते. मार्कोनींनी १९०१ साली कानाला लावलेले यंत्र तशाच तऱ्हेचे होते. पुढे १९२३ साली मार्कोनी मुसोलिनीच्या पक्षात गेले. मुसोलिनी हुकूमशहा होता, म्हणून ते मला आवडलं नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातही त्यांच्या पद्धतीची केंद्रे होती. २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेश सुरू झाले. खडकीहून संदेश जायचे आणि दौंडला यायचे.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोम शहरात वारले. तेव्हा बिनतारी केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली. जो माणूस आयुष्यभर निरोप धाडत राहिला, त्याला सगळ्यांनी गप्प राहून निरोप दिला.

मला मार्कोनी आवडतात ते नोबेल मिळालं म्हणून नाही. लोकांनी शंका घेतली तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही, कागदाची पट्टी आणून दाखवली. बालमित्रांनो, आपणही तसं करूया.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी