शांतिब्रह्म श्री संत एकनाथ महाराज

आषाढी वारीत श्री संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घातले जाते. त्यानंतर पालखी सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करून लोणंद येथे मुक्कामास येतो. माउलींच्या ज्या ज्ञानेश्वरीचे वारकरी नित्य वाचन करतात, तिची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे महत्कार्य पैठणच्या श्री एकनाथ महाराजांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये केले. नाथांना सर्व महाराष्ट्र शांतिब्रह्म म्हणून ओळखतो. ही शांती त्यांनी अरण्यात नव्हे, तर पत्नी, मुले, पाहुणे आणि निंदक यांनी भरलेल्या घरात राहून मिळविली. म्हणूनच त्यांचे चरित्र प्रत्येक आईवडिलांनी अभ्यासावे असे आहे.

बालपण व गुरुसेवा

नाथांचा जन्म पैठण येथे इ.स. १५३३ च्या सुमारास झाला, असे मानले जाते. थोर विठ्ठलभक्त संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाचा सांभाळ केला. पुढे देवगिरीच्या जनार्दनस्वामींजवळ राहून नाथांनी गुरुसेवा केली. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी सारी रात्र जागून काढली, ही कथा सर्वश्रुत आहे. चित्त एकाग्र ठेवण्याची ही सवयच पुढे त्यांच्या क्षमाशीलतेचा पाया ठरली.

गृहस्थाश्रमातील शांती

गुरूंच्या आज्ञेने नाथांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई ह्या स्वभावाने त्यांना शोभणाऱ्याच होत्या. अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांनी नाथांच्या कथा विस्ताराने सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक कथा अशी की, नाथांना राग आणून दाखविल्यास द्रव्य मिळेल, या आशेने एक गरजू तरुण त्यांच्या घरी आला. नाथ पूजेस बसले असता तो सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याचे हसून स्वागत केले व त्याला जेवणास ठेवून घेतले. गिरिजाबाई वाकून वाढत असताना त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. पाहुणा खाली पडणार नाही याची काळजी घेण्यास नाथांनी पत्नीस सांगितले. त्यावर लहानग्या हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय असल्याने याला कसे पडू देईन, असे त्या माउलीने शांतपणे उत्तर दिले. तरुणाने लज्जित होऊन पाय धरले. आधी सांगितले असते तर आपण रागावून दाखविले असते आणि त्याचे काम झाले असते, असे नाथांनी त्याला सांगितले.

आपल्या लेकराचा उपद्रव आई सहन करते, कारण ते अजाण आहे हे ती जाणते. तीच दृष्टी या दांपत्याने परक्यावरही ठेवली. पुष्कळदा घडते ते याच्या उलट. परक्यासमोर मनुष्य राग आवरतो आणि घरी येऊन तो मुलांवर काढतो.

दयेचे नित्य आचरण

नाथांची दया प्रसंगापुरती नव्हती. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या मातेचे मूल रडताना दिसले, तेव्हा लोकनिंदेची पर्वा न करता त्यांनी ते कडेवर घेतले, त्याचे नाक-तोंड पुसले आणि त्याच्या आईकडे पोहोचविले. पुरणपोळीसाठी हट्ट करणाऱ्या गावबा नावाच्या मुलाला त्यांनी घरी ठेवून घेतले व पोटभर पुरणपोळी खाऊ घातली. ज्याला लोक मंदबुद्धी समजत, त्याच गावबाने नाथांच्या पश्चात त्यांचे अपूर्ण राहिलेले भावार्थ रामायण पूर्ण केले, असे परंपरा सांगते. रागावून ज्याची वाढ खुंटली असती, ते मूल प्रेमाने असे फुलले.

पुत्राचा विरोध

नाथांची खरी कसोटी त्यांच्या स्वतःच्या पुत्राने पाहिली. हरिपंडित विद्वान होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे व कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. ते घर सोडून काशीस गेले. नाथ रागावले नाहीत, त्यांनी पुत्रास दोषही दिला नाही. वृद्धापकाळी ते स्वतः काशीस गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी स्वीकारून त्याला घरी घेऊन आले. प्राकृतात बोलायचे नाही व परान्न घ्यायचे नाही, अशा त्या अटी होत्या. ज्याने मराठी भाषेसाठी आयुष्य वेचले, त्याच्यासाठी हा त्याग लहान नव्हता.

हरिपंडितांच्या पुराणाला श्रोते कमी होऊ लागले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब स्त्रीने नाथांना जेवणास बोलाविले. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला व नाथ एकटेच जेवले. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले, तर एकीखाली दुसरी अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, अशी कथा आहे. पुत्राचा अभिमान गळाला, त्याने पित्याचे चरण धरले आणि नाथांचे मराठी निरूपण पुन्हा सुरू झाले. वादाने जे साधले नसते, ते वडिलांच्या धीराने साधले.

वारकऱ्यांसाठी बोध

फाल्गुन वद्य षष्ठीस, इ.स. १५९९ मध्ये, नाथांनी पैठण येथे देह ठेवला. ही तिथी नाथषष्ठी म्हणून आजही साजरी होते.

वारीत चालून पाय दुखतात, पाऊस भिजवितो, गर्दीत मूल हट्ट करते आणि हात उगारला जातो. अशा वेळी क्षणभर थांबावे, मूल थकले आहे की भुकेले आहे ते पाहावे, त्याला जवळ घ्यावे. वारकरी एकमेकांना माउली म्हणून हाक मारतात आणि लहान-थोर न पाहता परस्परांच्या पाया पडतात. ज्याला आपण माउली म्हणतो, त्याच्यावर हात उगारता येत नाही. दिंडीतील ही रीत प्रत्येक वारकऱ्याने आपल्या घरी न्यावी, हीच नाथांची खरी सेवा होय.