ट्राम, चुंबकसूची आणि नानाभाई मूस

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटीची वाट पाहावी लागते. तोवर किनाऱ्यावर रेंगाळणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोडे जण जवळच्याच चुंबकीय वेधशाळेच्या आवाराकडे वळून पाहतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये येथे आली, ही हकिगत अनेकांना ठाऊक असते. ती येथे आणणाऱ्या नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचे नाव भूचुंबकशास्त्राच्या जगात आजही आदराने घेतले जाते. ज्या गावात त्यांचे काम उभे आहे, तेथे मात्र ते क्वचितच कानी पडते.

कॅमेरा महत्त्वाचा की कॅमेऱ्यामागचा हात, हा वाद फिल्मच्या काळात छायाचित्रकारांच्या प्रत्येक बैठकीत रंगत असे. मूस यांनी हयातभर जे छायालेखन करवून घेतले त्यात कॅमेरा नव्हता, माणसांचे चेहरे नव्हते, निसर्गदृश्येही नव्हती. अंधाऱ्या खोलीतल्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने दिवसभर उमटवलेली एक वाकडीतिकडी रेघ, एवढेच ते चित्र. पण साधन आणि हातोटी यांच्यातला तो जुना वाद या रेघेइतका स्पष्टपणे क्वचितच कुठे समोर येत असेल.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. त्याआधी जेमतेम दोन महिने पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ येऊन गेले होते. १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यबिंबावर अचानक पांढरा झगझगाट दिसला. त्याच सुमारास लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील छायालेखी कागदावर एक लहानसा हिसका उमटला. तासातासाने वाचन घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सहज निसटला असता. कागद मात्र झोपत नाही. दुसऱ्या दिवशी खरे वादळ आले, तेव्हा याच कागदाची मर्यादा उघडी पडली. क्यू आणि ग्रिनिच येथील प्रकाशाचा ठिपका इतका दूर गेला की कागदाची कडा ओलांडून दिसेनासा झाला. वादळ ऐन भरात असताना चित्र कोरे राहिले.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या दिवशी छायालेखी यंत्र नव्हते. तेथे दुर्बिणीला डोळा लावून मोजपट्टीवरचा आकडा वाचण्याची आणि तो वहीत लिहिण्याची पद्धत होती. वादळ दिसताच निरीक्षकांनी दर तासाची शिस्त मोडून काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. शांत दिवशी काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होणारे क्षितिजसमांतर चुंबकीय बल त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले, याची नोंद त्यामुळे राहिली. त्या वह्यांचे मोल जगाला पुढे २००३ मध्ये कळायचे होते.

डोळ्याने वेध घेणाऱ्यांची ही परंपरा मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले आणि पुढे पुण्यात टिळक-आगरकरांच्या पिढीचे गणिताचे गुरू म्हणून कीर्ती मिळवलेले केरूनाना छत्रे १८४० च्या दशकात, ऐन तारुण्यात, याच कुलाबा वेधशाळेत हवामानाचे आणि चुंबकाचे वेध घेत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधलेल्या या वेधशाळेत चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली आणि १८४६ पासून ती सलग होऊ लागली. १८७० च्या दशकाच्या आरंभी, चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत, छायालेखी उपकरणे आली.

मूस यांचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर एडिंबरा विद्यापीठात झाले. परत येऊन त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. १८९६ मध्ये चेंबर्स यांच्या पश्चात ते वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. शहर तेव्हा प्लेगच्या सावटाखाली होते आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची मक्तेदारी असलेल्या शास्त्रीय खात्यांत एका पारशी प्राध्यापकाकडे अशी जबाबदारी येणे ही लहान गोष्ट नव्हती. शतक संपता संपता कुलाब्यात मिल्न यांचे भूकंपमापक यंत्रही बसले. तेही प्रकाशाच्या साहाय्याने कागदावरच नोंद करणारे होते.

या यंत्रांची रचना कागदावर सोपी दिसते. बारीक धाग्याला टांगलेला छोटा चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, समोर दिव्याची फट आणि घड्याळाच्या यंत्रणेवर दिवसातून एकदा फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला प्रकाशसंवेदी कागद. पृथ्वीचे चुंबकत्व जरा बदलले की चुंबक वळतो, आरसा वळतो, ठिपका सरकतो. दुसरा एक आरसा पक्का बसवलेला असतो. त्याची सरळ रेघ म्हणजे आधाररेषा. चोवीस तासांनी कागद काढायचा, अंधाऱ्या खोलीत डेव्हलप करायचा, हायपोत बुडवायचा, धुऊन वाळवायचा.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कागदावरची रेघ बदल दाखवते, मूल्य सांगत नाही. आधाररेषा म्हणजे नेमके किती बल, आणि रेघ एक मिलिमीटर वर गेली म्हणजे किती वाढ झाली, हे उपकरणाला माहीत नसते. त्यासाठी वेगळ्या खोलीत हाताने चुंबक झुलवून, विचलन मोजून, नतिमापकाची सुई वाचून निरपेक्ष मूल्ये काढावी लागतात, आणि तीही पुन्हा पुन्हा. शिवाय चुंबकाची शक्ती तापमानाबरोबर बदलते. खोली दुपारी तापली तर रेघ वाकते आणि पृथ्वीने काहीच केलेले नसताना काही तरी घडल्याचा भास होतो. धुताना ओला कागद ताणला, वाळताना आकसला, तरी मोजमाप चुकते. दमट हवा हा तर जिलेटिनच्या लेपाचा जन्मजात शत्रू, आणि मुंबई-कोकणाच्या किनाऱ्यावर चार महिने दुसरी हवाच नसते. महागडे यंत्र मागवून या प्रश्नांतला एकही सुटत नव्हता. ते सुटत होते ते रोजच्या, कंटाळवाण्या, काटेकोर हातकामाने.

हे सारे सुरळीत चालू असतानाच ट्रामचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती आणि तिची पहिली वाट कुलाब्याहूनच निघत होती. घोड्यांचा चुंबकसूचीला उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामची गोष्ट निराळी होती. तारेतून येणारा एकदिश प्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत झिरपतो, आणि प्रत्येक गाडी सुटताना-थांबताना आसपासचे चुंबकीय क्षेत्र हलते. छायालेखी कागद इतका प्रामाणिक की तो सूर्यावरचे वादळ आणि फोर्टातली ट्राम यांत भेद करणार नाही. दोन्ही सारख्याच निष्ठेने उमटवील. यंत्र जितके संवेदनशील, तितकी त्याची नोंद अधिक निरुपयोगी ठरण्याची ही वेळ होती. लंडन परिसरातल्या वेधशाळांनाही विजेच्या वाहतुकीने याच काळात असेच भंडावले होते.

शहराला ट्राम हवी होती आणि ती थांबवणे शक्य नव्हते. वेधशाळा हलवायची, तर १८४६ पासूनच्या मालिकेचे काय, हा मूस यांच्यापुढचा पेच होता. चुंबकीय क्षेत्राचे मंद बदल दशकानुदशकांत कळतात. जागा बदलली की मूल्ये बदलतात, आणि जुन्या-नव्या आकड्यांमध्ये जी फट पडते ती नंतर कितीही उत्तम उपकरणाने बुजवता येत नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे श्रम दोन तुकड्यांत मोडून पडण्याचा धोका होता.

मुंबईच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेले अलिबाग निवडले गेले. तेव्हा मुंबईहून तिथे जायचे ते बोटीने. ट्रामच्या प्रवाहापासून ते पुरेसे दूर होते आणि दोन्हीकडचे चढउतार एकमेकांशी ताडून पाहता येतील इतके जवळही होते. (कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली, असा योगायोग यात साधला गेला, रायगड हे नाव जिल्ह्याला पुष्कळ पुढे, १९८१ मध्ये मिळाले.) इमारतीसाठी कोकणातला काळा दगड उपयोगाचा नव्हता, कारण त्या पाषाणातच लोहयुक्त चुंबकीय खनिज असते. दगड पोरबंदरहून आणला गेला. बिजागऱ्या, खिळे, कड्या यांत लोखंड चालणार नव्हते. तांबे-पितळ वापरले गेले. छायालेखी यंत्रांची खोली बाहेरच्या उन्हापासून शक्य तितकी अलग राहील अशी खोलीच्या आत बांधली गेली, म्हणजे दिवसाची उष्णता चुंबकापर्यंत पोचू नये. चित्र घेण्याआधी कॅमेऱ्यासाठी घर बांधावे, तसा हा प्रकार होता.

पण मूस यांची सर्वांत मोठी खबरदारी दगडामातीत दिसत नाही. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचे बंद केले नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रेघा उमटत राहिल्या, दोन्हीकडे निरपेक्ष मूल्ये काढली गेली आणि दोहोंतला फरक ऋतुमानानुसार ताडून पाहता आला. दुहेरी खर्च, दुहेरी कागद, दुहेरी माणसे. कोणत्याही हिशेबनिसाच्या कपाळाला आठी पडावी असा हा उद्योग. त्याच दोन वर्षांमुळे कुलाबा आणि अलिबाग मिळून एकच अखंड मालिका मानता येते. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर कुलाब्याच्या चुंबकांचे काम संपले होते.

यानंतर मूस बसले ते लिखाणाला. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय निरीक्षणांचे आणि त्यांच्या विवेचनाचे दोन भाग १९१० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. आकड्यांच्या या जाड ग्रंथांत एक वेगळी दृष्टी आहे. चुंबकीय वादळाचा परिणाम दोन प्रकारे तपासावा, असे त्यांनी दाखवले: एकदा घड्याळाच्या वेळेनुसार, आणि एकदा वादळ सुरू झाल्यापासून किती तास गेले त्यानुसार. अनेक वादळांच्या रेघा आरंभाशी आरंभ जुळवून एकत्र मांडल्या की त्यांचा समान आकार उघड होतो: आधी एकदम उसळी, मग मोठी घसरण, मग सावकाश पूर्वपदावर येणे. सिडने चॅपमन यांच्यासारख्या गणितज्ञाने पुढे वादळांचा जो अभ्यास केला, त्याला मूस यांची ही मांडणी आधारभूत ठरली. अशा रेघा युरोपातल्या वेधशाळांकडेही होत्या, आणि काही ठिकाणी उपकरणे अधिक चांगली होती. साठ वर्षांचे कागद एका शिस्तीत वाचण्याची चिकाटी मात्र मुंबईत दिसली. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले होते. मराठी आणि गुजराती वाचकांपर्यंत त्यांचे काम नेणारा लेखक मात्र त्यांना त्यांच्या हयातीत भेटला नाही, असे वाटते.

१९१९ पर्यंत मूस यांनी वेधशाळेची धुरा वाहिली. ५ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

अलिबागची निरीक्षणे त्यांच्यानंतरही चालू राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९७१ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली आणि अलिबाग तिच्या वेधशाळांपैकी एक ठरली. संस्थेचे मुख्यालयही आता रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. कागद, दिवा आणि काळोखी खोली यांची जागा डिजिटल नोंदींनी घेतली. निरपेक्ष मूल्ये मात्र आजही माणसानेच नियमितपणे मोजायची असतात, कारण आधाररेषेचा प्रश्न फिल्मबरोबर गेलेला नाही.

२००३ मध्ये याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह १८५९ च्या वादळावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. क्यू-ग्रिनिचचे कागद जेथे कोरे होते, तेथे कुलाब्याच्या वहीतले हाताने लिहिलेले आकडे त्यांनी पुढे ठेवले. त्या घसरणीतला किती भाग नेमका कोणत्या प्रवाहामुळे झाला, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांना असे वादळ पुन्हा आले तर किती धोका आहे, याची चर्चा मात्र तेव्हापासून या आकड्यांशिवाय होत नाही.

ज्या ट्राममुळे हे सारे स्थलांतर घडले, तिची मुंबईतली शेवटची फेरी ३१ मार्च १९६४ च्या रात्री झाली. अलिबागच्या वेधशाळेने त्या दिवसाचाही कागद नेहमीप्रमाणे बदलला असणार.